अकरा सहपत्रांसह दिल्ली

मी लिहिलेला अर्ज परत येत नाही. ही बढाई नव्हे, आमच्या कॉलेजात कुणालाही विचारा. अठ्ठावीस वर्षं मी संगमनेरच्या एका कॉलेजात कारकुनी करतोय, त्यातली नऊ हेडक्लार्क म्हणून. 'विषय', 'संदर्भ' आणि 'महोदय' या तीन पायऱ्या चढून मी जो कागद वर पाठवला, तो मंजूर होऊनच खाली आला. आमचे प्राध्यापक शंभर-शंभर पानांचे प्रबंध लिहितात, पण स्वतःच्या किरकोळ रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतात. हे आधी सांगायचं कारण असं, की पुढे माझी जी शोभा झाली ती नेमकी अर्जावरूनच झाली. दुसरी गोष्ट, या हकिकतीतली नावं मी बदललेली आहेत. का, ते पुढे कळेल.

माझे सासरे पुंजाराम भिंगारदिवे. मी त्यांना मामा म्हणतो, बाकी सगळे तात्या. ते मूळ बेलापूरचे, पण गेली दोन वर्षं आमच्याकडे असतात. साखर कारखान्यात त्यांनी चाळीस हंगाम काम केलं आणि शेवटपर्यंत हंगामीच राहिले, कारण कायम व्हायला शाळा सोडल्याचा दाखला लागतो आणि मामांनी तो हरवला होता. माणूस त्या काळचा सातवी पास, म्हणजे आजचा बी.ए. समजा, आणि एक दाखला सांभाळता आला नाही. लग्नानंतर मला हे कळलं तेव्हा माझ्यातला कारकून कळवळला. म्हटलं, "मामा, डुप्लिकेट दाखल्याचा अर्ज मी लिहितो. पंधरा दिवसांत तुमच्या हातात."

मामा म्हणाले, "नको, पाव्हणं. गेला त्यो गेला."

जावयाला ते पाव्हणं म्हणतात, अहोजाहो करतात, स्वतः उठून खुर्ची देतात आणि जावयाचं एक अक्षर ऐकत नाहीत.

गेल्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला आम्ही सगळे टीव्हीवर परेड बघत बसलो होतो. परेडच्या आधी दिल्लीच्या युद्ध स्मारकावर पुष्पचक्र वाहतात, ते दाखवत होते. गोल गोल भिंती, त्यांत विटांसारखे बसवलेले दगड आणि एकेका दगडावर एकेका जवानाचं नाव. मामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"हितं सूर्याचं नाव आसंल," ते म्हणाले.

सूर्या म्हणजे सूर्यभान, मामांचा धाकटा भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत गेला, एवढंच आम्हाला माहीत. घरात त्याचा फोटो नाही की कागद नाही, आणि मामा त्याचं नाव वर्षातून एकदा काढतील तर शपथ. माझी बायको यशोधरा माझ्याकडे बघून म्हणाली, "तात्यांना एकदा नेऊन दाखवू या." त्याचंही कारण होतं. मामांना काचबिंदू. उजवा डोळा गेलेला, आणि डाव्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षभर निभावला तर नशीब. म्हणजे नाव वाचायचं तर वर्षाच्या आत.

प्रकरण मुळात एवढंसं होतं. न्यायचं, दाखवायचं, आणायचं. दुसऱ्या कुणीही तिकिटं काढली असती. पण मी हेडक्लार्क. खात्री केल्याशिवाय आम्ही पेनाचं टोपणसुद्धा काढत नाही. म्हटलं, आधी नाव आहे की नाही ते बघू.

आमच्या समोर नियाजभाई राहतात. त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, त्यामुळे आमच्या गल्लीपुरतं सरकार म्हणजे नियाजभाई. त्यांनी स्मारकाचं संकेतस्थळ उघडलं. मी पूर्ण नाव सांगितलं, सूर्यभान केरू भिंगारदिवे. नाही. नियाजभाईंनी चष्मा पुसला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि पुन्हा टाकलं. नाही. तीन दिवस त्यांनी येता-जाता टाकून बघितलं. नाही म्हणजे नाही.

"साहेब, नाव राहून गेलंय," नियाजभाई म्हणाले. "हे तर चूक आहे. तुम्ही असताना हे चालायचं नाही."

खरं सांगतो, त्या शेवटच्या वाक्याने माझा घात केला. त्या रात्री मी अर्ज लिहिला. विषय : सन १९७१च्या युद्धात वीरमरण आलेले जवान सूर्यभान केरू भिंगारदिवे यांचे नाव स्मारकावर समाविष्ट करणेबाबत. असा मसुदा मी आयुष्यात लिहिला नव्हता. यशोधराला वाचून दाखवला तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मामांच्या डोळ्यांत काही आलं नाही. "कशाला ते?" म्हणाले.

"मामा, तुमच्या भावाचं नाव लागायला नको?"

"नाव हाय तिथं."

"नाही ना मामा. बघितलं आम्ही."

"मला नुसतं नेऊन आना, पाव्हणं. अर्ज नका करू."

सही करा म्हटलं तर चष्मा सापडेना. चष्मा कपाळावर होता. दुसऱ्या दिवशी हात दुखत होता. तिसऱ्या दिवशी सही करायला बसले आणि त्यांच्या हातून अर्जावर अख्खा कप चहा सांडला. पन्नास वर्षांत ज्या माणसाने बशीत थेंब सांडला नाही त्याने. मी नवी प्रत काढली, तर ती संध्याकाळी गरम दुधाच्या पातेल्याखाली सापडली. पलटणीचं नाव विचारलं तर आठवत नाही. नंबर विचारला तर माहीत नाही. त्यांची एक पत्र्याची पेटी आहे, तिला कुलूप. त्यात काही कागद असेल म्हटलं, तर म्हणाले किल्ली बेलापूरला राहिली. किल्ली त्यांच्या करगोट्याला होती, हे आंघोळीच्या वेळी साऱ्या घराला दिसतं.

शेवटी सही मी स्वतः केली, 'अर्जदाराचे जावई' म्हणून. आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा अर्ज परत आला. ज्या कचेरीतून आला तिचं नाव घेत नाही. शेरा होता : जावई वारस नसल्याने विचार करता येत नाही. अठ्ठावीस वर्षांत जे कुणाचं धाडस झालं नाही ते एका निळ्या बॉलपेनने केलं होतं. मी यशोधराची सही घेतली, पुतणी म्हणून. तो अर्ज पुन्हा परत आला, कारण मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं होतं आणि माझ्या अर्जात जुनं होतं. मी नवं नाव घातलं. मग सहपत्रं कमी पडली. मी सहपत्रं जोडत गेलो. रेशनकार्ड, सरपंचांचा दाखला, यशोधराचा जन्मदाखला, तिच्या आजीचा म्हणजे चांगुणाबाईंचा मृत्युदाखला. अकरा सहपत्रांवर अर्ज एकदाचा दाखल झाला आणि मला आवक क्रमांक मिळाला. मी तो मोबाईलमध्ये साठवून ठेवला.

या सगळ्यात दहा महिने गेले. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा उतरत चाललाय. यशोधरा मला म्हणाली, "तुमचा अर्ज चालतोय त्याच्या गतीने चालू द्या. तुम्ही तात्यांना घेऊन जा."

"जे नाव भिंतीवर नाही ते बघायला?"

"भिंत तरी बघतील."

मग मीही विचार केला की अर्जाची एक प्रत, अकराच्या अकरा सहपत्रांसह, तिथल्याच अधिकाऱ्याच्या हातात द्यावी. खालून गेलेला कागद वर्षं घेतो, हातोहात दिलेला कामाला लागतो. अशा रीतीने मामा भिंत बघायला आणि मी अर्ज द्यायला, असे आम्ही दोघं दिल्लीला निघालो.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पुष्पावतीकाकू १९९८ साली दिल्लीला जाऊन आल्या आहेत. त्यानंतर दिल्लीत काही बदल झाला असेल हे त्यांना मान्य नाही. त्यांनी बजावलं की तिथे कुणी गोड बोललं तर समजायचं, फसवणार. खिशात लाल तिखटाची पुडी ठेवायची. कानाला मफलर बांधल्याशिवाय संडासलासुद्धा जायचं नाही. आणि पाणी विकत घ्यायचं, पण बाटलीचं झाकण आधी कानाशी धरून फिरवायचं, टक् असा आवाज आला तरच प्यायचं. त्यांनी स्वतःच्या यजमानांचा एक स्वेटर मामांना दिला. यजमान सहा फुटी, मामा सव्वापाच. स्वेटर गुडघ्यापर्यंत आला.

पण खरा सल्ला नियाजभाईंचा. ते म्हणाले, "साहेब, जायचंच तर सव्वीस जानेवारीला जा. परेडपण बघा, स्मारकपण बघा. एका दगडात दोन पक्षी. परेडचे पास तिथे गेल्यावर मिळतात." नियाजभाई स्वतः संगमनेरच्या पुढे नाशिकपर्यंतच गेलेले आहेत. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी हो म्हटलं. तिकिटं त्यांनीच काढली.

गाडी बेलापूर स्टेशनवरून धरायची होती. आमच्या भागाची ही एक गंमत आहे. बेलापूर स्टेशन श्रीरामपुरात आहे, बेलापूर गावात नाही. मामा सत्तर वर्षं बेलापुरात राहिले आणि बेलापूर स्टेशनला जायला सत्तर वर्षं श्रीरामपूरला गेले. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. "नाव कुठं आन् गाव कुठं, चालायचंच," ते मला फलाटावर म्हणाले. तेव्हा मी नुसती मान हलवली.

प्रवासात मामांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत. एक अंगातला स्वेटर आणि दुसरी एक कापडी पिशवी, जी ते उशाला घेऊन झोपले. पिशवीत काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "बोरं हायती, आन् मेणबत्ती." बोरं बेलापूरच्या बांधावरची. सूर्याला आवडायची म्हणे. भावाबद्दलची ही पहिली माहिती मला लग्नानंतर सव्वीस वर्षांनी मिळाली. पलटण आठवत नाही, पण बोरं आठवतात.

चोवीस तारखेला आम्ही दिल्लीत पहाडगंजच्या एका लॉजवर उतरलो. थंडी अशी की मी बोलायला तोंड उघडलं की दात आपले आपण वाजायचे. लॉजमधला गिझर होता, पण तो दिसण्यापुरता. मामांनी पहाटे पाचला गार पाण्याने आंघोळ केली आणि ताजेतवाने होऊन बसले. मी चहाच्या गरम कपात बोटं बुडवली आणि पडशाने आजारी पडलो.

पंचवीस तारखेला आम्ही रिक्षा करून निघालो. मैल-दीड मैल आधीच रस्ता बंद. लोखंडी अडथळे आणि त्यांच्यापुढे पोलीस. मी माझ्या उत्तम हिंदीत विचारलं, "साहेब, वो स्मारक देखना था." पोलीस म्हणाला, "कल छब्बीस है, अंकल. पूरा एरिया बंद है. परेड के बाद भी दो-चार दिन लगेंगे खुलने में." मग त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "आपको किसने कहा छब्बीस को आने को?"

आता नियाजभाईंचं नाव दिल्ली पोलिसांना सांगून काय उपयोग? साऱ्या दिल्लीला जे माहीत होतं ते आमच्या गल्लीला माहीत नव्हतं. ज्या दिवशी ते स्मारक सगळा देश टीव्हीवर बघतो, नेमकं त्याच सुमाराला ते माणसाला जवळून बघता येत नाही, हे आम्हाला टीव्हीने कधी सांगितलं नव्हतं. पासचं विचारलं तर ते पूर्वीच संपले होते.

दुरून, झाडांच्या वर, इंडिया गेटचा माथा तेवढा धुक्यात दिसत होता. माझ्या मनात पाप आलं. कबूल करतो. परतीची तिकिटं सत्तावीसची होती, नाक वाहत होतं, आणि मामांना एका डोळ्याने जेमतेम दिसत होतं. मी म्हटलं, "मामा, हेच ते. बघा. त्याच्यावर हजारो नावं कोरलेली आहेत. करा नमस्कार."

मामांनी हाताचा आडोसा करून बघितलं. "हे विंग्रजांच्या टायमाचं," म्हणाले. "आपलं त्याच्या मागं हाय. गोल. सोळा भिती."

टीव्हीवर एकदा बघितलेलं त्यांना भिंतींच्या संख्येसकट पाठ होतं, आणि पलटणीचं नाव म्हणे आठवत नव्हतं.

सव्वीस जानेवारीची परेड आम्ही लॉजच्या खोलीत टीव्हीवर बघितली. संगमनेरच्या घरात आमचा टीव्ही बेचाळीस इंची आहे. लॉजवरचा चोवीस इंची होता. म्हणजे चौदाशे किलोमीटर प्रवास करून, रजा खर्चून, आम्ही तीच परेड अठरा इंच लहान बघितली. त्यात नियाजभाईंचा फोन आला, "साहेब, दिसताय का तुम्ही कुठे? मी टीव्हीवर शोधतोय. हात हलवा."

यशोधरा फोनवर म्हणाली, "आलात तसे या आता." पुष्पावतीकाकू मागून ओरडल्या, "तिखटाची पुडी आहे ना खिशात?" मी मामांना म्हटलं, उद्याची गाडी पकडू, उन्हाळ्यात पुन्हा येऊ. मामा खिडकीपाशी गेले, उजवा डोळा झाकून डाव्याने समोरच्या दुकानाची पाटी वाचायचा प्रयत्न करत राहिले. मग डावा झाकला. मग म्हणाले, "उन्हाळ्यापस्तोर न्हाई जमायचं, पाव्हणं."

मी तिकिटं रद्द केली. प्राचार्यांना रजा वाढवण्याचा अर्ज मोबाईलवर पाठवला. त्यात 'विषय' नव्हता, 'संदर्भ' नव्हता, नुसतं 'सर, अजून चार दिवस लागतील' एवढंच होतं. अठ्ठावीस वर्षांची अब्रू मी एका ओळीत घालवली. प्राचार्यांचं उत्तर आलं, 'हे नक्की तुम्हीच लिहिलंय ना?'

स्मारक उघडलं त्या सकाळी मी नाकाला रुमाल, काखेत फाइल आणि हाताला मामा असा निघालो. फाटकावर तपासणीत मेणबत्ती आणि काडीपेटी काढून ठेवायला सांगितली. बोरांबद्दल त्या शिपायाने बराच विचार केला, एक बोर हातात घेऊन दाबून बघितलं, आणि "जेब में रखिए बाबाजी, अंदर खाना मत" म्हणून सोडली. लाल तिखटाच्या पुडीबद्दल मात्र मला जे प्रश्न विचारले गेले ते मी इथे लिहीत नाही. पुडी जप्त झाली.

आत गेलो. इतकी नावं मी एका ठिकाणी कधी बघितली नव्हती, आणि माझा जन्म हजेरीपटात गेलाय. दगडांच्या ओळींवर ओळी, प्रत्येकावर एक माणूस.

नाव शोधून द्यायला तिथे एक तरुण जवान उभा होता, समोर पडदा. मी घसा साफ केला. फाइल उघडून अर्जाची पहिली प्रत वर काढली. तेवढ्यात त्याने मामांना विचारलं, "किसका नाम देखना है, बाबाजी?"

मामा म्हणाले, "पुंजाराम केरू भिंगारदिवे."

मी पटकन पुढे झालो. "नहीं नहीं. वो इनका खुद का नाम है. ससुरजी हैं मेरे, उमर हो गई है. मामा, तुमचं नाही विचारत. त्यांचं सांगा. सूर्यभान."

"पुंजाराम," मामा जवानाकडे बघत म्हणाले. "पुंजाराम केरू."

जवानाने माझ्याकडे बघितलं, मामांकडे बघितलं आणि वादात न पडता नाव टाकलं. मी लाजेने दुसरीकडे बघू लागलो. चारचौघांत आपलं म्हातारं माणूस असं वागलं की कसं होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

"मिल गया," जवान म्हणाला. "डिसेंबर इकहत्तर. आइए बाबाजी."

तो पुढे, मामा मागे, आणि त्यांच्या मागे मी, तोंड उघडं टाकून. दोन भिंती ओलांडून तो एका दगडापाशी थांबला. खालून तिसरी ओळ. मी वाकून वाचलं. माझ्या सासऱ्यांचं नाव. पुंजाराम केरू भिंगारदिवे. आणि पुंजाराम केरू भिंगारदिवे पुष्पावतीकाकूंच्या यजमानांचा स्वेटर घालून माझ्या शेजारी उभे होते.

"आपके कौन थे?" जवानाने विचारलं.

"भाऊ," मामा म्हणाले. "धाकला." जवानाला ते कळलं. त्याने टाचा जुळवून सलाम केला आणि आम्हाला तिथे सोडून तो मागे गेला.

मामा दगडासमोर उकिडवे बसले, बांधावर दुसऱ्या माणसाशी बोलायला बसतात तसे. डावा डोळा अगदी दगडाला लावून त्यांनी एकेक अक्षर बोटाने चाचपलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दाखला परत पाठवतो म्हनला हुता."

मी त्यांच्या शेजारी खाली बसलो.

"भरतीला मी निघाल्तो, पाव्हणं. नगरला. दाखला खिशात, आईनं भाकरी बांधून दिल्याली. ह्यो मला यष्टीवर सोडायला आल्ता. गाडी आली आन् माझं पायच उचलंनात. भ्यालो मी. दुसरं काय न्हाई, भ्यालो. ह्यो म्हनला, आन हिकडं दाखला, मी जातो. ह्याचं वय बसत नव्हतं. माझ्या दाखल्यावर बसलं. भरती झालो की दाखला टपालानं परत पाठवतो म्हनला."

"आणि मग?"

"मग काय. लढाई लागली. तार आली ती गुर्जींनी वाचली. तुमचा मुलगा पुंजाराम. मी म्होरंच हुबा हुतो. आईनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन् सूर्याच्या नावानं हंबरडा फोडला. गुर्जींना बा म्हनला, आता कुटं बोलू नका. खोट्या दाखल्यानं गेला म्हनतील. सरकार काय करंल, कुनाला ठावं? तवापासनं त्वांड शिवलं."

मला एकेक आठवत गेलं. सांडलेला चहा, पातेल्याखालचा कागद, करगोट्याची किल्ली. आणि चाळीस हंगाम. डुप्लिकेट दाखला मागायचा तर पुंजाराम केरू जिवंत आहे हे लिहून द्यावं लागलं असतं, म्हणून त्यांनी तो कधी मागितला नाही. आणि मी सव्वीस वर्षं त्यांना दाखला हरवणारा माणूस म्हणत आलो. दिवाळीला, पाहुण्यांसमोर, हसून. मला त्या क्षणी स्वतःची फार लाज वाटली. नुसतं आडनाव टाकून शोधलं असतं तरी हे सापडलं असतं, पण हेडक्लार्क पूर्ण नावाशिवाय काही लिहीत नाही.

"ह्ये अर्ज," मामांनी माझ्या फाइलीला हात लावला, "ह्यानं चवकशी लागंल. सूर्यभान कोन, पुंजाराम कोन, बघत्याल. मग ह्ये खोडतील का वो, पाव्हणं?"

खोडतात की नाही, मला माहीत नव्हतं. नियम मला पाठ आहेत, पण असा नियम माझ्या वाचनात नाही. मी म्हटलं, "नाही खोडणार. अर्ज नाहीच तर चौकशी कसली." आणि फाइल बंद केली. तेव्हा मला आवक क्रमांक आठवला. मूळ अर्ज दाखल होऊन कधीच पुढे सरकला होता, आणि मी लिहिलेला अर्ज कधी थांबत नाही.

मामांनी खिशातून दोन बोरं काढून दगडाखाली ठेवली. लांबून शिपायाने मान हलवली. मामांनी एक उचलून खिशात टाकलं आणि एक स्वतः तोंडात टाकलं. उठताना म्हणाले, "चला, दिसलं."

मी मामांना पुन्हा दगडापाशी बसवून त्यांचा फोटो काढला. पहिला बघितला आणि खोडून टाकला, त्यात नाव स्वच्छ दिसत होतं. दुसऱ्यांदा मामांना थोडं डावीकडे बसवलं.

परत आल्यावर चहासुद्धा न घेता मी त्या कचेरीत गेलो. आयुष्यातला सगळ्यात अवघड अर्ज मी तिथल्या बाकावर बसून लिहिला. विषय : अर्ज मागे घेणेबाबत. कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'सूर्यभान केरू भिंगारदिवे या नावाची व्यक्ती सैन्यात कधीही नव्हती. खाली सही करणाऱ्याच्या जावयाने अपुऱ्या माहितीवर व उत्साहाच्या भरात सदर अर्ज केला होता.' अर्ज पुतणीच्या सहीचा असला तरी मागे घ्यायला सख्ख्या भावाची सही जास्त वजनदार, म्हणून मामांना बाहेर रिक्षात बसवून आणलं होतं. त्यांना चष्मा लगेच सापडला. हातही दुखत नव्हता. टेबलावरच्या माणसाने अर्ज वाचला, अकरा सहपत्रांचा मूळ गठ्ठा काढला आणि विचारलं, "तुम्ही स्वतः हेडक्लार्क ना?" मी हो म्हटलं. तो हसला, शेजारच्यालाही वाचायला दिलं, तोही हसला. मग त्यांनी शिक्का मारला. मामांनी यशोधराला सगळं सांगितलं, आणि लिहायची मला तोंडी परवानगी दिली. लेखी मी मागितली नाही.

गल्लीत मात्र जे ठरायचं ते ठरलं आहे. साहेब आठ दिवस दिल्लीला राहिले, आजारी पडून आले, अर्ज परत घेतला, आणि नाव काही मिळालं नाही. फोटो फ्रेम करून हॉलमध्ये लावलाय. परवा नियाजभाई आणि पुष्पावतीकाकू दोघंही त्याच्यासमोर उभे होते. नियाजभाई नाक लावून बघत होते. "साहेब, अहो मागे इतकी नावं दिसतायत आणि नेमकं मधलं तात्यांच्या डोक्याने झाकलंय. फोटो काढायचीपण एक रीत असते." काकू म्हणाल्या, "पुडी हरवून आले, तिथे फोटो काय काढणार."

खुर्चीत मामा बसले होते. त्यांना आता समोरचा फोटो दिसत नाही, पण तो कुठे लावलाय ते माहीत आहे. त्या बाजूला तोंड करून ते म्हणाले, "फोटू न्हाई जमत पाव्हण्यांना. अर्ज मातुर बेस लिवत्यात."

आणि मग त्यांनी यशोधराला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला.